विशारदनंतरचं शिकणं : नृत्यशिक्षिकेच्या खिशाला परवडेल असं

महाराष्ट्रात नृत्यशिक्षिका होण्याची वाट बहुधा ठरलेली असते. सातव्या-आठव्या वर्षी क्लास सुरू होतो, मग जवळजवळ दर वर्षी एक परीक्षा, आणि कॉलेजात असताना विशारद. त्याच सुमाराला ताई लहान मुलींची बॅच तिच्यावर सोपवतात. पुढे नोकरी, लग्न, बदली अशा कशाने तरी गाव बदलतं आणि नव्या गावात ती स्वतःचा क्लास काढते. सोसायटीच्या हॉलमध्ये, देवळाच्या सभामंडपात, नाहीतर शाळा सुटल्यावर रिकाम्या झालेल्या वर्गात. तिचं शिकवणं सुरू होतं आणि शिकणं थांबतं. तिला शिकवणारं जवळ कुणी उरत नाही आणि लांब जाऊन शिकणं परवडत नाही.

मोठ्या नर्तकांविषयी, घराण्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या क्लास चालवणाऱ्या शिक्षिकेच्या शिक्षणाविषयी फारच थोडं. खरं तर बहुतेक मुलींची शास्त्रीय नृत्याशी पहिली ओळख तीच करून देते. त्यांचे गुडघे, त्यांचा लयीचा कान, रंगमंचाची भीती किंवा ओढ, हे सगळं तिच्या हातात असतं. तिला आज काय शिकायला मिळतं, त्यासाठी काय मोजावं लागतं आणि कमी पैशांत काय मिळू शकेल, हे पाहायला हवं. पुरुष शिक्षकही आहेत, पण या व्यवसायात बायका बहुसंख्य असल्याने मी शिक्षिका हाच शब्द वापरते.

आधी पैशांचं बघू. धरून चालू की तिच्याकडे तीस मुली आहेत आणि महिन्याची फी पाचशे रुपये आहे. पंधरा हजार जमले. त्यातून हॉलचं भाडं जातं, परीक्षेच्या आधी तबलजींना मानधन जातं, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा खर्च निघतो. मे महिन्यात निम्म्या मुली गावाला जातात, फीही निम्मीच येते. या हिशेबात पुण्या-मुंबईची दोन दिवसांची कार्यशाळा बसवायची म्हणजे कार्यशाळेची फी, लातूर किंवा जळगावहून येण्याजाण्याचं भाडं आणि राहण्याची सोय, एवढं तर लागतंच. शिवाय कार्यशाळा असते शनिवार-रविवारी, आणि क्लासच्या मोठ्या बॅचेसही नेमक्या त्याच दिवशी. बुडालेले तास भरून द्यावे लागतात. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांची व्यवस्था वेगळी. कार्यशाळेच्या पत्रकावर यातलं काही लिहिलेलं नसतं, पण तिला हे सगळं मोजूनच घराबाहेर पडावं लागतं. स्वस्त प्रशिक्षण म्हणजे फी कमी असलेलं प्रशिक्षण, असं समजणाऱ्या आयोजकांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तिच्या वर्षाला आकार देते ती परीक्षा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या या मंडळाच्या परीक्षांनी शास्त्रीय नृत्य गावोगाव नेलं, ही लहान गोष्ट नाही. परभणीची मुलगी आणि पनवेलची मुलगी एकाच अभ्यासक्रमाने शिकते. बदलीने गाव बदललं तरी पुढची परीक्षा नव्या गावात देता येते. पण या परीक्षा पाहतात ते विद्यार्थिनी काय आणि कसं नाचते. विशारद झालेली मुलगी तीनतालात चक्रधार सफाईने करून दाखवते. आठ वर्षांच्या वीस मुलींना तासभर कसं शिकवायचं, ताल चुकणाऱ्या मुलीचा कान कसा तयार करायचा, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. तरीही त्या प्रमाणपत्रावर ती शिक्षिका होते, कारण शिकवण्याचं म्हणून वेगळं काही शिकायचं असतं, हे आपल्याकडे मानलंच गेलेलं नाही.

त्यात दहावीचे वाढीव गुण आले. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत जादा गुण मिळू लागले आणि पालकांचा हिशेब बदलला. नववीपर्यंत अमुक इतक्या परीक्षा झाल्या पाहिजेत, ही मागणी घेऊनच काही पालक क्लासची पायरी चढतात. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर ही परीक्षांची दोन सत्रं शिक्षिकेच्या मानेवर बसतात. अशा वेळी ती स्वतःसाठी जे शिकायला जाते तेही साहजिकच परीक्षेच्या आणि कार्यक्रमाच्या कामी येईल असं असतं.

म्हणूनच आपल्याकडच्या कार्यशाळांतला बराच माल हा रचनांचा आहे. दोन दिवसांत एक आमद, चार तोडे, एक परण, एखादं अभिनयाचं पद. भरतनाट्यममध्ये एखादा जतिस्वरम किंवा नव्याने बसवलेली कौत्वम. शिक्षिका वहीत बोल उतरवून घेते, शेवटच्या दिवशी मोबाइलवर चित्रीकरण करते आणि परत येऊन त्यातलं बरंचसं मुलींना देते. ती रचना तिच्या स्वतःच्या अंगात मुरायला सहा महिने लागणार असतात. पण वार्षिक कार्यक्रम दोन महिन्यांवर आलेला असतो. अर्धवट पचलेली रचना पुढे जाते आणि दोन वर्षांनी तिचा मूळ डौल कुणालाच आठवत नाही. चांगल्या गुरूंच्या कार्यशाळा मी कमी लेखत नाही. त्यांच्यासमोर बसून नुसती पढंत ऐकली तरी लय कशी धरायची ते कळतं. आक्षेप आहे तो जमेल तेवढा थोडका पैसा रचना गोळा करण्यावरच खर्च होण्याला. एका वर्षी एका गुरूंकडे, दुसऱ्या वर्षी दुसऱ्यांकडे, असं फिरून वहीची पानं वाढतात. वर्षाला एकच प्रवास परवडत असेल तर तो पाच वर्षं एकाच गुरूंकडे करावा. तिसऱ्या वर्षी ते तिची चूक ओळखू लागतात, आणि कुणीतरी आपली चूक ओळखावी यासाठीच तर जायचं असतं.

रोहिणी भाटे यांचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. त्यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली तेव्हा त्यांचं कथकचं शिक्षण नुकतंच कुठे सुरू झालं होतं. आधी पार्वतीकुमारांकडे भरतनाट्यम, मग सोहनलाल यांच्याकडे जयपूर घराण्याचं कथक. क्लास काढल्यानंतर लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्या बारा वर्षांहून अधिक काळ शिकत राहिल्या. केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाणं शिकल्या. इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र त्यांनी ‘मी इझाडोरा’ या नावाने मराठीत आणलं. शिकवणं आणि शिकणं त्यांच्या आयुष्यात बरोबरीने चाललं. पुण्यात कथकची आज जी दाट वस्ती दिसते तिच्या मुळाशी हे दुहेरी काम आहे. प्रत्येकीला लच्छू महाराज मिळणार नाहीत, हे उघड आहे. पण क्लास काढला म्हणजे शिकणं संपलं, ही समजूत त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने पुसून टाकली होती. आपण ती पुन्हा कशी गिरवू लागलो, ते कळत नाही.

रीतसर उच्च शिक्षणाच्या जागा महाराष्ट्रात आहेत आणि चांगल्या आहेत. डॉ. कनक रेळे यांनी मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभं केलं, नृत्याला मुंबई विद्यापीठाच्या पदवीचा दर्जा मिळवून दिला आणि शरीराच्या हालचालींचं शास्त्र नृत्यशिक्षणात आणलं. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून गुरुकुल पद्धतीची जोड देऊन शिकवतं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मुलींना मुंबईपेक्षा छत्तीसगडमधलं खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय जवळ पडतं. पण ही सारी पूर्णवेळ शिक्षणाची ठिकाणं. चाळिशीची, तीस मुलींचा क्लास चालवणारी बाई तीन वर्षं क्लास बंद ठेवून तिथे जाऊ शकत नाही. तिला तिथलं थोडं थोडं, तिच्या सवडीने मिळायला हवं. शरीरशास्त्राचे आठ तास, अध्यापनाचे आठ तास, असे सुटे तुकडे या संस्थांनी उन्हाळ्यात बाहेरच्यांसाठी खुले केले तर त्यांची फी ती आनंदाने भरेल.

शरीराच्या ज्ञानाविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यांत मोठी उणीव तिथेच आहे आणि ती भरून काढायला पैसाही सगळ्यांत कमी लागतो.

दहा ते चौदा वर्षांच्या मुली झपाट्याने उंच होतात. त्या काळात हाडं आधी वाढतात, स्नायू आणि कंडरा मागून येतात. कालपर्यंत सहज वाकणारी मुलगी अचानक ताठर होते, चक्कर घेताना तोल जातो, गुडघ्याखाली दुखतं. शिक्षिकेला वाटतं, पोरीचं लक्ष उडालं, आळस आला. ती रागावते, जास्त सराव देते आणि दुखणं वाढतं. या वयात उड्या आणि जोराचे पदाघात काही महिने कमी करावेत, तो वेळ पढंतीला आणि अभिनयाला द्यावा, एवढी माहिती असली तरी कितीतरी मुलींचा क्लास सुटणार नाही. भरतनाट्यमच्या अरैमंडीत पावलं बाहेर वळवायची असतात. ते वळण खुब्यातून यायला हवं. खुबा जेवढा वळतो त्याहून जास्त पाऊल वळवलं की गुडघ्याला पीळ बसतो. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत राहतो आहे ना, हे समोर उभं राहून पाहायला एक पैसा लागत नाही. कथकचा तत्कार शहाबादी फरशीवर किंवा टाइल्सवर रोज तासभर चालतो. त्या कठीण जमिनीचा मार नडगीला बसतो. लाकडी तक्तपोशी शक्य नसेल तर जाड प्लायवूडच्या फळ्या टाकता येतात. तेही जमत नसेल तर द्रुत लयीतला तत्कार थोडा थोडा करून, मध्ये विसावा देऊन घेता येतो.

आणखी एक गोष्ट क्लासमध्ये कुणी बोलत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे समोर उभ्या असलेल्या मोठ्या बॅचमधल्या निम्म्याहून अधिक मुलींचं रक्त कमी असू शकतं. ज्या मुलीला लवकर दम लागतो, चक्कर येते, तिला ‘स्टॅमिना वाढव’ म्हणण्याआधी तिच्या आईशी बोलायला हवं.

हे सगळं शिकवायला गावातला फिजिओथेरपिस्ट पुरेसा आहे. त्याला किंवा तिला नृत्यातलं काही माहीत नसेल तरी चालेल. एका रविवारी सकाळी क्लासमध्ये बोलवावं, तट्टअडवू, तत्कार, चक्कर करून दाखवावी आणि विचारावं, यात कुठल्या सांध्यावर भार येतो? दोन तासांत शिक्षिकेला वर्षभर पुरेल एवढं मिळतं. परदेशात नृत्यवैद्यक हे स्वतंत्र शास्त्र झालं आहे. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर डान्स मेडिसिन अँड सायन्स या १९९० साली स्थापन झालेल्या संस्थेने शिक्षकांसाठी लिहिलेल्या छोट्या पुस्तिका इंटरनेटवर मोफत आहेत. त्यांचं लक्ष मुख्यतः बॅलेकडे असलं तरी वाढीचं वय, पाणी, विश्रांती, दुखापतीनंतर परतणं या गोष्टी सगळ्या नृत्यांना सारख्याच लागू आहेत. त्यांच्या धर्तीवर कथक-भरतनाट्यमसाठी मराठीत चार पानी पुस्तिका निघाल्या तर ते फार मोलाचं काम होईल. सोबत प्रथमोपचाराचं एक दिवसाचं शिक्षण हवंच. सेंट जॉन अँब्युलन्स आणि रेड क्रॉससारख्या संस्था ते थोड्या शुल्कात देतात.

बालसुरक्षेची बाबही याच पंक्तीतली. नृत्यात शिकवताना अंगाला हात लावावा लागतो, पाठ सरळ करावी लागते, खांदा खाली करावा लागतो. म्हणून तर स्पर्शाच्या मर्यादा ठरवून, मुलीला विचारून काम करण्याची रीत प्रत्येक क्लासमध्ये असायला हवी. चेन्नईच्या कलाक्षेत्रासारख्या नामवंत संस्थेत २०२३ साली विद्यार्थिनींना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन आंदोलनाला बसावं लागलं. गुरूविषयीच्या आदरामुळे अशा गोष्टी किती काळ दबून राहतात हे तेव्हा साऱ्या देशाने पाहिलं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणं हाच गुन्हा आहे. किती नृत्यशिक्षिकांना हे ठाऊक आहे? १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक किती क्लासांच्या भिंतीवर आहे? तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि कायद्याची माहिती लोकांपर्यंत नेणं हे तिचं कामच आहे. तिथल्या वकिलाला तासभर येऊन बोलण्याची विनंती करायला काहीच लागत नाही.

संगीताकडे येऊ. तबलजी रोज परवडत नाहीत म्हणून बहुतेक क्लास मोबाइलवरच्या लेहऱ्यावर चालतात. यात चूक काही नाही. लेहरा-तबल्याची अ‍ॅप्स आल्याने छोट्या गावातल्या मुलींना स्थिर लयीत सराव करता येऊ लागला. पण यंत्र थांबत नाही आणि चुकलेल्या मुलीला सावरूनही घेत नाही. ते काम शिक्षिकेच्या पढंतीने आणि हातावरच्या तालाने होतं. भरतनाट्यममध्ये नट्टुवांगम स्वतः करणारी शिक्षिका आणि ध्वनिमुद्रणावर अवलंबून असलेली शिक्षिका यांच्या मुलींमध्ये फरक लगेच दिसतो. म्हणून विशारद झालेल्या कथकच्या शिक्षिकेने सगळ्यांत आधी तबल्याचं दोन वर्षांचं प्राथमिक शिक्षण घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन. गावात तबल्याचा क्लास बहुधा असतोच. तिथल्या सरांना साथीची सवय असलेले विद्यार्थी हवे असतात, हिला साथ हवी असते. पैशांशिवाय देवाणघेवाण होऊ शकते. अशी जोडी जमली की दोन्ही क्लास सुधारतात.

वाचनासाठी मराठीत जे आहे तेही पुरतं वापरलं जात नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. र. पं. कंगले यांचं ‘रसभावविचार’ त्यांतलंच. नाट्यशास्त्रातला रसभावांचा भाग मूळ संहितेसह समजून घ्यायला मराठीत याहून भक्कम आधार नाही. मराठी विश्वकोशातल्या नृत्यावरच्या नोंदी फुकट उपलब्ध आहेत. गांधर्व मंडळाचं ‘संगीत कला विहार’ हे नियतकालिक आहे. मुलींकडून विनियोगाचे श्लोक घोकून घेताना त्यांचा अर्थ सांगता न येणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत. त्यांचा दोष नाही, त्यांनाही तसंच शिकवलं गेलं. पण अर्थ शोधायची साधनं आज हातातल्या फोनवर आहेत.

भरतनाट्यम शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेकडे तर एक खास ठेवा आहे. तंजावरच्या मराठा राजांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. सरफोजी राजे दुसरे यांची निरूपणं, म्हणजे एका कथेभोवती गुंफलेल्या आणि एकाच राग-तालात बांधलेल्या नृत्यरचना, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हस्तलिखित रूपात राहिल्या. आचार्य पार्वतीकुमारांनी त्या शोधून, अभ्यासून रंगमंचावर आणल्या आणि ‘तंजावुर नृत्यप्रबंध’ हा ग्रंथ लिहिला. त्यांच्याकडे आणि पुढे के. पी. किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे शिकलेल्या डॉ. सुचेता भिडे-चापेकर यांनी या मराठी रचनांचं काम पुढे नेलं आणि हिंदुस्थानी संगीतावर आधारलेली ‘नृत्यगंगा’ उभी केली. सोलापूर किंवा साताऱ्याच्या मुलीला तेलुगू पदाचा अर्थ पाठ करायला लावण्याआधी शिक्षिकेने हा मराठी भाग अभ्यासला तर तिच्या अभिनयाच्या तासाचा रंगच बदलेल. अभ्यासाची ही दिशा तिला परवडणारी आहे, शिवाय तिच्या भाषेतली आहे.

ऑनलाइन शिक्षणाने २०२० नंतर बऱ्याच शिक्षिकांना आधार दिला. आठवड्याला एक तास, प्रवास नाही, क्लास बुडत नाही, हे खरोखर मोठं आहे. अमेरिकेत किंवा आखाती देशांत क्लास चालवणाऱ्या मराठी मुली याच मार्गाने पुण्यातल्या आपल्या ताईंशी जोडलेल्या आहेत. मात्र आवाज पोचायला लागणारा क्षणभराचा उशीर तालाच्या कामात आड येतो. गुरू आणि शिष्या एकाच वेळी समेवर येऊ शकत नाहीत. म्हणून अभिनय, पढंत, शास्त्र, रचनेची चर्चा यांसाठी ऑनलाइन तास घ्यावा. तत्कारासाठी मात्र समोरासमोर बसण्याला पर्याय नाही. दोन्हींचं मिश्रण सगळ्यांत स्वस्त पडतं. वर्षातून दोनदा प्रत्यक्ष, एरवी पडद्यावर.

लोकनृत्य आणि चित्रपटनृत्य शिकवणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. शाळांची स्नेहसंमेलनं आणि लग्नातले संगीत यांवर त्यांची वर्षाची कमाई होते, आणि शास्त्रीयच्या शिक्षिकाही पोटासाठी तिथे जातात. राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय लोककलांची प्रशिक्षण शिबिरं भरवतं, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. लावणीचा पदन्यास आणि अदा तिच्यातच आयुष्य काढलेल्या कलावतींकडून शिकण्याची संधी अशा शिबिरांत मिळते. ज्या शाळा दर वर्षी संमेलनात लावणी बसवतात त्यांच्या शिक्षिकांना या शिबिरांची वार्ताही नसते.

सरकारी योजनांचा आढावा घेताना मन थोडं खट्टू होतं. केंद्रीय संस्कृती मंत्रालय १८ ते २५ वयाच्या कलाकारांना दोन वर्षं दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती देतं. त्यापुढच्या कलाकारांसाठी दरमहा १०,००० आणि चाळिशीनंतर २०,००० रुपयांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. गुरु-शिष्य परंपरेच्या योजना आहेत, नागपूर आणि उदयपूरची विभागीय सांस्कृतिक केंद्रं आहेत. दिल्लीतलं सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र १९७९ पासून शिक्षकांना कलांचं प्रशिक्षण देतं, पण ते शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकांना. क्लास चालवणारी शिक्षिका यात कुठे बसते? पंचविशी ओलांडलेली असते, संशोधनाचा प्रकल्प लिहायची सवय नसते, शाळेची नोकरी नसते. तिची गरज दोन वर्षांच्या वृत्तीची नसतेच. तिला वर्षातून एकदा प्रवासखर्च आणि बुडालेल्या दोन दिवसांची भरपाई हवी असते. एवढी छोटी मदत देणारी खिडकी कुठेच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळांत स्थानिक कलाकारांना काम देण्याचं म्हटलं आहे. ते खरोखर घडलं तर या शिक्षिकांना शाळेचं दार उघडेल आणि मग त्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारीही कुणाला तरी घ्यावी लागेल.

ब्रिटनमध्ये भारतीय नृत्य शिकवणाऱ्यांचा अनुभव इथे उपयोगी पडावा. तिथली इंपीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग ही १९०४ साली स्थापन झालेली संस्था कथक आणि भरतनाट्यमच्याही परीक्षा घेते. तिथे विद्यार्थ्यांच्या श्रेणी परीक्षा आणि शिक्षकाची पात्रता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. शिकवायचं असेल तर शिकवण्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते. आपण तिथली फी आणि तिथले नियम उचलून आणायचं कारण नाही. पण ही दोन कौशल्यं वेगळी आहेत, एवढं तरी मान्य करायला हवं.

आता माझं म्हणणं. पैशांची अडचण खरी आहे, पण शिक्षिकेचं शिकणं अडलंय ते मुख्यतः तिच्या एकटेपणामुळे. एका तालुक्यात चार-पाच नृत्यक्लास असतात आणि त्या शिक्षिका एकमेकींच्या क्लासमध्ये कधी पाऊल ठेवत नाहीत. वर मी जे जे सांगितलं, फिजिओथेरपिस्ट, वकील, तबल्याचे सर, मोठे गुरू, ते एकीला महाग आहे आणि पाच जणींना सहज परवडणारं आहे. पुण्याहून गुरूंना एका दिवसासाठी आपल्या गावी बोलावलं तर पाच जणींचे प्रवास वाचतात, मोठ्या मुलीही बसू शकतात आणि मानधन वाटून जातं. याहून मोठा लाभ दुसराच आहे आणि तो फुकट आहे. महिन्यातून एकदा एकीने दुसरीच्या क्लासमध्ये जाऊन मागे बसायचं, तासभर पाहायचं आणि नंतर चहा घेताना दोन गोष्टी सांगायच्या. कुठल्या मुलीकडे तासभर कुणाचंच लक्ष गेलं नाही. सूचना देताना किती वेळ गेला आणि मुली प्रत्यक्ष किती नाचल्या. आपल्याला स्वतःला हे दिसत नाही, कारण आपण समोर उभ्या राहून तत्कार करत असतो.

यात आड येतात त्या भीती मला माहीत आहेत. ही माझ्या मुली पळवील. तिचं घराणं वेगळं, माझी रचना उचलील. माझ्या क्लासची उणीव गावभर करील. या भीतींना आधार नाही असं मी म्हणणार नाही, तसे अनुभव बायकांना आलेले आहेत. म्हणून सुरुवात रचनांपासून करूच नये. पहिले सहा महिने फक्त लहान मुलींच्या बॅचेस पाहाव्यात, जिथे उचलण्यासारखं काही नसतं आणि शिकवण्याचं कसब मात्र सगळं उघडं असतं. एक कथकची, एक भरतनाट्यमची अशी जोडी लावली तर स्पर्धेचा प्रश्नच उरत नाही. आणि एकीच्या क्लासमधली मुलगी दुसरीकडे आली तर आधी फोन करून विचारायचं, एवढा एक नियम सगळ्यांनी पाळायचा.

हे बाहेरून कुणी सुरू करून द्यायचं असेल तर ते गांधर्व मंडळाला सगळ्यांत सोपं आहे. वर्षातून दोनदा परीक्षक गावोगावच्या केंद्रांवर जातात. त्यांचा प्रवास, मुक्काम, मानधन यांची तरतूद आधीच असते. परीक्षक हे बहुधा त्या कलेतले अनुभवी शिक्षक असतात आणि दिवसभरात त्या भागातल्या सगळ्या क्लासच्या मुली त्यांनी पाहिलेल्या असतात. त्या भागात लयीचं काय चुकतंय, पायाची ठेवण कुठे बिघडलीय, हे त्या संध्याकाळी त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आज ते ज्ञान गुणपत्रिकेत बंद होऊन त्यांच्याबरोबर परत जातं. गुण सीलबंद झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा, त्याच केंद्रावर, कुठल्याही मुलीचं किंवा क्लासचं नाव न घेता परीक्षकांनी शिक्षिकांशी बोलावं. खर्च दोन तासांच्या जादा मानधनाचा आणि चहाचा. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी क्लासला तशीही सुट्टीच असते, म्हणजे कुणाची बॅच बुडत नाही. मंडळाने पुढच्या सत्रात एका जिल्ह्यातल्या केंद्रांवर हे करून पाहावं. त्यासाठी केंद्रचालकांनी पत्र लिहायला हवं, आणि पत्राखाली त्या तालुक्यातल्या सगळ्या शिक्षिकांच्या सह्या असाव्यात.